शक्तीवाल्या शाहिरांचा कीबोर्ड

"घेणार नाय, बघणार हाय."

दुकानाची पायरी चढायच्या आधीच शाहीर हे जाहीर करायचे. मग डाव्या हातातली अंगठी काउंटरच्या काचेवर टकटक वाजवायची. उजवा हात झब्ब्याच्या खिशात घट्ट कोंबलेला, आणि नजर थेट माझ्या डोक्यावरच्या फळीवर. "ते काय लटकवलंस गो बाय? नवीन दिसतंय. काढ."

महाडला एसटी स्टँडच्या रस्त्यावर माझं मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. कव्हर, काच, चार्जर, हेडफोन, आणि हल्ली टॅबची पेनं नि कीबोर्ड. नवरा एमआयडीसीत पाळीवर असतो, त्यामुळे दुकान माझं आणि दुकानातली भांडणंही माझीच. तुम्ही कधी काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहिला असाल तर शाहिरांसारखं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल. यायचं, बसायचं, माझा चहा प्यायचा, सीलबंद खोका उघडायला लावायचा, आतल्या मालाची यथेच्छ निंदा करायची, आणि वरंधची गाडी लागली की उपरणं झटकून उठायचं. पुढच्या बाजाराला स्वारी पुन्हा हजर.

प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा. "पुरात टिकंल काय गो हे?"

"शाहीर, पुरात मी टिकले हे पुष्कळ झालं. पेनाचं काय घेऊन बसलात?"

"तू टिकशील गो. तुझं तोंड बघून पानी मागं फिरंल." आणि माझ्याच दुकानात, माझाच चहा हातात घेऊन ते स्वतःच्या विनोदावर हसायचे.

शाहीर वरंधकडच्या एका वाडीतले. भाताची शेती, उतारावर थोडी नाचणी, गोठ्यात म्हशी, आणि या सगळ्याकडे व्यवस्थित दुर्लक्ष करून केलेली शाहिरी. आमच्याकडे गणपतीच्या सुमाराला जाखडी नाचाचे सामने रंगतात. एका बाजूला शक्तीवाले, म्हणजे जगात देवी मोठी म्हणणारे. दुसऱ्या बाजूला तुरेवाले, म्हणजे शंकर मोठा म्हणणारे. दोन्हीकडचे शाहीर समोरासमोर बसतात आणि नाचणारे पायात चाळ बांधून भोवती फेर धरतात. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे नवं गाणं रचून जवाब द्यायचा. मधे एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करायला मुभा असते. खरं सांगायचं तर निम्मे लोक तेवढ्यासाठीच येतात.

आमचे शाहीर शक्तीवाले. त्यांचे जन्माचे वैरी म्हणजे तुडीलचे तुरेवाले शाहीर, आणि हे तुडीलचे शाहीर म्हणजे आमच्या शाहिरांच्या बायकोचे सख्खे भाऊ. त्यामुळे समोरच्याला मेव्हणा म्हणायची जी चैन इतर शाहिरांना उसनी घ्यावी लागते, ती यांना सासरकडून फुकट मिळाली होती. मीही त्या तुडीलच्या शाहिरांना मेव्हणेच म्हणते.

शाहिरांचा उजवा हात कायम खिशात का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मला ती ऐट वाटायची. एकदा मी त्यांच्यापुढे टॅबचं पेन ठेवलं आणि म्हटलं, "नुसतं बघून काय कळणार? लिहून बघा." त्यांनी दुकानात दुसरं कोणी नाही ना हे पाहिलं आणि हात बाहेर काढून काचेवर ठेवला. ठेवला तरी तो थांबेना. काचेखाली मांडलेली हेडफोनची पाकिटंसुद्धा बारीक हलायला लागली.

"माझ्याकडं बघू नको," ते म्हणाले. "पेनाकडं बघ."

मग हळूहळू सगळं समजलं. समोरचा सवाल गात असतो तेवढ्याच वेळात जवाब रचायचा असतो. पूर्वी सगळं डोक्यात राहायचं, पण वयाबरोबर लांब ओळ डोक्यातून निसटायला लागली, म्हणून शाहीर सुचेल तसं वहीत उतरवून घेत. आता हातच असा झाल्यावर वहीत नुसत्या रेघोट्या. मागच्या गणपतीत एका सामन्यात जवाब सुचला होता, उतरवलाही होता, पण गायची वेळ आली तेव्हा त्यांचं त्यांनाच अक्षर लागेना. जुनंच एक गाणं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. लोकांनी ओळखलं. "शाहीर संपले," असं पाठीमागे कोणीतरी बोललं, आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललं.

"यंदा परत तसं झालं ना बाय," ते मला म्हणाले, "तर त्या आसनावरनं उठलो तो उठलोच. परत बसनार नाय मी."

म्हणजे ही सगळी बघाबघी त्यासाठी होती.

त्यांचा टॅब म्हणजे करोनात नातीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेलं स्वस्तातलं यंत्र. एक कोपरा फुटलेला, मागे फुलपाखरांचे स्टिकर, आणि चार्जिंगला लावला की वाडीतले दिवे मंद होतात असं शाहीर सांगायचे. शाळा उघडल्यावर नातीनं टाकला, आजोबांनी उचलला. असल्या टॅबला भारीतलं पेन चालत नाही, त्याला रबरी टोकाचं साधं पेन लागतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही. सगळ्यात महागाचं पेन त्यांनी आपल्या टॅबवर फिरवून पाहिलं, काही उमटलं नाही, आणि त्यांनी निकाल दिला, "ह्यात शाई नाय."

रबरी टोकाच्या पेनानं उमटत होतं, पण काय उमटत होतं ते विचारू नका. पेन एक ओढतं, काचेला टेकलेला तळवा दुसरं ओढतो, आणि हात स्वतःच्या मनानं तिसरंच. टोकाला पारदर्शक चकती असलेलं पेन दिलं, तर ती चकती हाताच्या थरथरीनं काचेवर टिकटिक वाजायला लागली. "हे लिवतंय का ताल धरतंय?" जाड पेन दिलं, बारीक दिलं, पेनाला मी सायकलच्या मुठीचं रबर चढवून दिलं. पेनाला वजन पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं. मनगटाला भार असला की थरथर जरा बसते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मग एका बाजाराला ते मनगटावर नाचणाऱ्यांचे चाळ बांधूनच आले. भार चांगला होता, फक्त एक अक्षर लिहिलं की स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जायचं. पुढच्या वेळी त्यांनी तेच चाळ जुन्या मोज्यात कोंबून आणले.

माझ्या दुकानात नमुन्याला ठेवलेला टॅब त्या काळात मेव्हण्यांच्या निंदेनं भरून गेला होता. शाहीर पेन पारखायचे ते मेव्हण्यांवर. एक शाळेतले गुरुजी टॅब घ्यायला आले आणि त्यांनी तो चालू केला. थरथरत्या, अर्धवट अक्षरांत त्यावर तुडीलच्या कुठल्याशा गृहस्थाच्या नाकाचं वर्णन होतं. गुरुजींनी चष्मा सावरून ते शेवटपर्यंत वाचलं आणि टॅब न घेताच गेले.

"शाहीर," शेवटी मी वैतागून म्हटलं, "लिहायचंच कशाला? टॅबला तोंडानं सांगा, तो लिहून घेतो."

"मेव्हना समोर बसलेला. त्याला ऐकवत लिवू?"

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग काकींना शेजारी बसवा. तुम्ही कानात सांगा, त्या लिहितील."

शाहिरांनी आधी रस्त्यावर पाहिलं, मग माझ्याकडे झुकले. "तीच तर फितूर हाय."

हात बिघडायला लागला तेव्हा घरी गाणी उतरवून घ्यायला त्यांनी बायकोला बसवलं होतं. काकींचं अक्षर वळणदार. पण सामन्यासाठी राखून ठेवलेलं गाणं सामन्याआधीच तुडीलला पोचायचं, आणि मेव्हणे त्याचा काट, म्हणजे त्याला खोडून काढणारं गाणं, तयार ठेवून यायचे. शाहिरांनी घरात चौकशी बसवली. काकींनी गुन्हा बिनशर्त कबूल केला.

त्या एकदा शाहिरांबरोबर दुकानात आल्या तेव्हा मीच विचारलं. काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच चुकीचं बोलले.

"भाऊ फोन करतो. इचारतो, बरा हाय काय गो तो? मी म्हनते बरा हाय, आज असं असं गानं केलान. ह्यात काय चोरी हाय? नवऱ्याचं चांगलं सांगायचं नाय?"

"आणि हाताचं? हाताचं सांगितलंत का भावाला?"

"ते कशाला सांगू?" काकी म्हणाल्या. "ते घरातलं हाय."

शाहीर तेव्हा फळीवरच्या कव्हरांकडे पाहत होते. त्यांनी मान वळवली नाही, पण त्या दिवशी ते कशालाही नावं न ठेवता बसले, यावरून मी काय ते समजले.

मग कीबोर्डचं पर्व सुरू झालं. आधी गुंडाळी करता येणारा रबरी कीबोर्ड पाहिला. "ह्यावर बोट टेकवलं की म्हशीच्या पाठीवर टेकवल्यासारखं वाटतं." मग घडीचा पाहिला. तो त्यांच्या हाताच्या थरथरीनं आपोआप मिटायला लागला. मग कव्हराला जोडलेला, त्याची बटणं नातीच्याच बोटांच्या मापाची. एकाची बटणं छान मोठी होती, पण आवाज जुन्या टंकयंत्राचा. "बोटाला कळलं पायजे, कानाला नाय," शाहीर म्हणाले, आणि खरं सांगते, कीबोर्ड विकणाऱ्या कंपनीनंसुद्धा तो कसा असावा हे इतकं सरळ कधी सांगितलेलं नाही.

शेवटी मिळाला. मोठी गोल बटणं, आवाज नाही, अंगाला वजनदार, टॅबशी वायरीशिवाय जोडता येणारा. बटणांवर मी मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवून दिले. वरच्या ओळीत एक, दोन, तीन अशी निळी बटणं होती. हा कीबोर्ड एकाच वेळी तीन यंत्रांशी ओळख ठेवतो, ज्या यंत्रावर लिहायचं त्याचा आकडा दाबायचा, एवढंच.

नेमका त्याच दिवशी मेव्हण्यांचा टॅब काच बसवायला माझ्याकडे आलेला होता. शाहिरांनी मागचं त्रिशूळ-डमरूचं चित्र पाहिलं आणि ओळखलं.

"हा त्याचा डबा ना? त्यालाच लाव आधी. त्याच्यावर चालला तर माझ्यावर चाललंच."

"अहो, दुसऱ्याचं यंत्र आहे ते."

"दुसऱ्याचं कुठं? मेव्हन्याचं हाय."

हट्टाला पेटले. मी जोडून दाखवला, त्यावर मराठीत 'अआइई' उमटवून दाखवलं आणि पुसलं. मग शाहिरांचा टॅब जोडला. म्हणजे एकवर मेव्हणे, दोनवर शाहीर. मेव्हण्यांचं काढून टाकते म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे, त्याला माझ्या घरात एक नंबर दिल्याचं पुण्य लागंल." त्यांना दोनवर बसवलं आणि बजावलं, "एकला हात लावायचा नाही." त्यावर शाहीर म्हणाले, "मी कशाला त्याच्या दारात जाऊ?"

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी वस्तू घेतली. पायरी उतरताना मलाच दम दिला, "बिघडला तर आनून देईन हां."

पुढचे काही बाजार दुकानातच शिकवणी चालली. त्यांची एक रीत होती. डोळे फक्त बटणांवर. टॅबवर उपरणं टाकलेलं, कारण अक्षरं एवढी मोठी केली होती की समोरच्या पानवाल्यालाही वाचता आली असती. बटण दोनदा लागलं तर बोटाला कळायचं, मग एक मागे खोडायचं, पुन्हा पुढे. 'ळ' शोधताना देवाला साकडं. सगळी ओळ झाली की उपरणं उचलायचं, "बघू काय शिजलंय," म्हणायचं आणि चष्मा बदलून वाचायचं. पहिल्यांदा अख्खी ओळ नीट वाचता आली, तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. मग चहा त्यांनी मागवला, माझ्यासाठीसुद्धा. मला इतका आनंद झाला होता की मी दोन खारी खाल्ल्या.

सामना पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका गावी होता. रात्री लाऊडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून गावानं दुपारपासूनच सामन्याची बारी लावली होती. "मशीन रुसलं तर तू हवीस," असं शाहिरांनी सांगितल्यामुळे मी दुकानाला कुलूप घालून गेले होते. देवळापुढच्या मांडवात मी साऊंडवाल्याच्या खोक्यांजवळ बसले. डाव्या हाताला शाहीर, उजव्या हाताला मेव्हणे. काकी बायकांत बसल्या होत्या, नवरा आणि भाऊ दोघांचीही पाठ दिसेल अशा जागी.

शाहिरांच्या मनगटावर मोज्यातले चाळ होते. मेव्हण्यांनी ते पाहिलं आणि सलामीलाच गायले, "हात बांधून आला रं शाहीर, कुनाचा खाल्लास मार?" मांडव हसून लोळला. शाहीरही हसले. मला मेव्हण्यांचा असा संताप आला की साऊंडवाल्याची वायर उपटावीशी वाटली.

मग मेव्हण्यांचा खरा सवाल सुरू झाला. जगात पहिला आवाज शंकराच्या डमरूचा, त्याच्या आधी आवाज असेल तर शक्तीवाल्यानं सांगावा, नाहीतर तुऱ्यापुढे मान तुकवावी. गाणं ठसक्यात चढत होतं. समोर शाहिरांनी टॅबवर उपरणं टाकलं, मान खाली घातली आणि बटणं दाबायला सुरुवात केली. माझा जीव त्या हातात अडकला होता.

थोड्या वेळानं मेव्हणे गाता गाता माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागले. त्यांचं गाणं त्यांच्या टॅबवर असायचं आणि सूर धरायचा पेटीचा आवाज त्याच टॅबवरून वायरीशिवायच्या स्पीकरला जायचा. मला वाटलं स्पीकर बंद पडला. मी फेरातून वाट काढत त्यांच्या मागे जाऊन बसले. त्यांनी डोळ्यांनीच टॅब दाखवला.

त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीखाली आपोआप अक्षरं उमटत होती. 'डडमरू'. मग एक 'ड' पुसला गेला. मग 'वाजजज'. मग दोन 'ज' पुसले गेले. मग पुढचा 'ला' यायला इतका वेळ लागला की नाचणाऱ्यांचा अर्धा फेर होऊन गेला.

शाहिरांचं थरथरतं बोट वरच्या ओळीत कुठेतरी एकवर पडलं होतं. मला धावत जाऊन दोनचं बटण दाबायचं होतं. मी उठले, तर मेव्हण्यांनी गाणं न तोडता माझं मनगट धरून मला खाली बसवलं. माझ्या मनात आलं, हा मेला आता त्यांचा जवाब आधीच वाचणार, काट तयार ठेवणार आणि म्हाताऱ्याला भर मांडवात लोळवणार. मी मनात त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या शाहिरांनासुद्धा सुचल्या नसत्या.

पण मेव्हणे हसत नव्हते. एक अक्षर यायचं, दोनदा यायचं, पुसलं जायचं, चुकीचंच काही यायचं, पुन्हा पुसलं जायचं. त्यांनी टॅबवरून नजर उचलली आणि समोर पाहिलं. वाकलेली मान, मोज्यानं बांधलेलं मनगट, आणि त्या मनगटापुढे एक बोट, जे बटणाच्या वर हलतंय आणि खाली उतरत नाही. इतकी वर्षं समोर बसून त्यांनी ते पाहिलं नव्हतं. त्यांनी बायकांत बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. काकींनी पदर तोंडाला लावला होता.

सवाल तिथे संपायला हवा होता. मेव्हण्यांनी तो संपवला नाही. शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं. मग त्याला नवं कडवं जोडलं. सावित्री नदीचं नाव घेतलं, गांधारी नदीचं घेतलं, काळ नदीचं घेतलं. नद्या संपल्यावर घाट घेतले. घाट उतरून झाल्यावर गावातल्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची स्तुती सुरू केली, त्यात साऊंडवाल्यालाही घेतलं. नाचणारी पोरं घामानं निथळत होती. ढोलकीवाला मेव्हण्यांकडे असा पाहत होता की आता ढोलकीच फेकून मारतो की काय. "आवर की रं, यष्टी जायाची!" मागून कोणीतरी ओरडलं. मेव्हण्यांनी त्या एसटीवरही एक कडवं रचलं. त्यांचा एक डोळा सारखा टॅबवर होता.

शेवटी ओळ पूर्ण झाली. त्यानंतर खाली काही उमटलं नाही. मेव्हण्यांनी श्वास सोडला आणि गाणं संपवलं.

शाहिरांनी उपरणं उचललं. चष्मा बदलला. टॅबवर काहीच नव्हतं. त्यांनी टॅब हलवला, उलटा केला, फुलपाखरं बघितली, पुन्हा सुलटा केला. ढोलकी नुसतीच ठेका देत राहिली. मांडवात कुजबूज सुरू झाली आणि शाहिरांचा हात, खिसा शोधायचं विसरून, सगळ्यांसमोर उघडा थरथरत राहिला. ते आसनावरून उठायला लागले. एक गुडघा उचललासुद्धा. उठलो तो उठलोच, हे त्यांचं बोलणं मला आठवलं.

त्यांच्याआधी मेव्हणे उठले. चालू बारीत शाहिरानं आसन सोडून समोरच्याकडे जाणं आमच्याकडे कोणी पाहिलेलं नाही. ते फेरातून आरपार चालत गेले, त्रिशूळ-डमरूचा टॅब शाहिरांच्या पुढ्यात ठेवला आणि माइक ओढून म्हणाले, "मेव्हन्या, तुझा जवाब वाट चुकून माझ्या घरात शिरला. घे तुझा तुला."

लोकांना वाटलं हाही शाहिरीतलाच टोला. जोरात टाळ्या पडल्या. शाहिरांनी त्या टॅबकडे पाहिलं, मेव्हण्यांकडे पाहिलं, पुन्हा टॅबकडे पाहिलं आणि उचललेला गुडघा खाली टेकवला. मग त्यांनी आवाज लावला.

"डमरू वाजला, खरं रं शाहिरा, वाजवनारा हात कुनाचा?
हात तो इवला होता तेव्हा पदर धरला आईचा!"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. सामना शक्तीवाल्यांना दिला गेला.

आता तुम्हाला वाटेल, शाहिरांनी मेव्हण्यांच्या गळ्यात पडून डोळे पुसले असतील. छे! नारळ हातात पडल्यापडल्या ते मंडळाच्या लोकांशी भांडायला उठले. "ह्यानं माझा जवाब आधी वाचलान! हा सामना धरूच नका! परत घ्या!" जिंकलेला माणूस निकाल रद्द करा म्हणून भांडतोय असं ते मंडळ पहिल्यांदाच पाहत असावं. त्यांना कसंबसं बाजूला आणलं, तर देवळाच्या पायरीवर मेव्हणे बसलेले. शाहीर त्यांच्याशेजारी, पण मधे चांगलं अंतर राखून बसले.

"सगळं बघत होतास?"

"बघितलं."

"खोडलेलं पन?"

"खोडलेलं पन."

शाहिरांना हरण्याचं कधी काही वाटलं नसतं. त्यांना लाज वाटली ती खोडलेलं दिसल्याची. त्यांनी हात खिशात घातला. मेव्हणे म्हणाले, "कधीपासनं हाय रं हे?" आणि शाहीर म्हणाले, "तुझ्या बहिनीला इचार, तुला सगळंच सांगते ती." काकी मागेच उभ्या होत्या. त्यांनी दोघांच्या मधल्या जागेत पोह्यांची ताटली ठेवली आणि दोघांनाही सुनावलं की गिळा आता.

मी कीबोर्डच्या एकवरून मेव्हण्यांचं यंत्र काढून टाकलं. शाहीर त्या हंगामात आणखी बाऱ्यांना बसले आणि प्रत्येक वेळी जवाब दिला. मेव्हण्यांचे सवाल मात्र आता कायमचे लांबले होते. त्यांचे ढोलकीवाले कंटाळून तक्रार करायचे. शाहिरांना त्याचं कारण पक्कं माहीत होतं, म्हणून ते माझ्या दुकानात बसून जळफळायचे. "लांबवतोय बघ. माझ्यासाठी लांबवतोय, समजत नाय काय मला? त्याची कडवी कापायचं काय मशीन असलं तर दाखव. घेईन."

माघात शाहिरांना तपासणीसाठी मुलाकडे मुंबईला नेलं, आणि तिथेच ते गेले. मला फोन काकींनी केला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला मी चुकीची काच बसवून दिली आणि त्यानं ते सांगितल्यावर त्याच्यावरच ओरडले. बाजाराच्या दिवशी मला अजून करमत नाही. मालाला नावं ठेवणारं कोणी नसलं की दुकान चालल्यासारखं वाटत नाही.

पुढच्या गणपतीत मेव्हण्यांची बारी लागली, तेव्हा मी कुणी बोलावलं नसताना गेले. समोर नवा शक्तीवाला शाहीर होता, तरणाबांड, हुशार, फोनवर अंगठे झरझर चालवणारा. मेव्हण्यांनी सवाल टाकला. त्यांचं दुसरं कडवं व्हायच्या आत त्या पोराचा जवाब तयार होता. फोन मांडीवर ठेवून, हाताची घडी घालून तो वाट पाहत बसला. मेव्हणे गात राहिले. नद्या झाल्या, घाट झाले. लोक चुळबुळायला लागले, मागून शिट्ट्या आल्या. शेवटी ढोलकीवाला त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "दादा, त्याचं कवाच झालंय. थांबा आता."

मेव्हण्यांनी कळल्यासारखी मान हलवली, समोरच्या आसनाकडे पाहिलं आणि आणखी एक कडवं धरलं.